घर विकताना विनापरवानगी झालेलं काम गिऱ्हाइकाला सांगायचं का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, घर विकायला काढलंय. आम्ही घेतलं तेव्हाच आधीच्या मालकाने बाल्कनी आत घेतलेली आणि मधली भिंत पाडून हॉल मोठा केलेला, पण मंजूर नकाशात ती भिंत अजून आहे आणि परवानगीचा कागद कुठलाच नाही. येणारे हॉल बघूनच खूश होतात. एजंट म्हणतो कुणी विचारलं तरच सांगा, उगाच भाव पडेल. मला हे पटत नाहीये. काम आम्ही केलेलं नाही तरी सांगायची जबाबदारी आमची येते का?

जुनीवही:
येते. काम कुणी का केलेलं असेना, तुम्हाला ते माहितीये ना, मग सांगायला हवं. भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 बघा, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे आणि तो न सांगणं म्हणजे फसवणूक असं तिथे सरळ लिहिलंय. घेणाऱ्याने नकाशा मागितला असता तर कळलं असतं असं तुमचा वकील भांडेलही, पण त्या भरवशावर राहू नका. कॅलिफोर्नियात तर छापील फॉर्मच भरून द्यावा लागतो, त्यात परवानगीशिवाय केलेले बदल, दुरुस्त्या माहीत आहेत का असा थेट प्रश्न असतो.

कॉलमबीम:
ताई, कायद्याआधी ती भिंत कसली होती ते बघा. कॉलम-बीमच्या इमारतीत मधली भिंत बहुतेकदा नुसता आडोसा असतो, पण लोडबेअरिंग बांधकामात वरचा स्लॅब त्याच भिंतीवर बसलेला असतो. स्लॅबला बाक आलाय का, आसपास तिरक्या भेगा आहेत का, दारं अडकायला लागलीत का, हे बघून घ्या. आणि बाल्कनीकडे दुर्लक्ष नको, ती पुढे काढलेली असते, तिच्या टोकाला विटांची भिंत चढवली की मुळाशी ताण खूप वाढतो, त्यात वर टाइल्सचा आणखी एक थर असेल तर विचारूच नका. मला तर पाडलेल्या भिंतीपेक्षा ह्याचीच जास्त काळजी वाटते. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट घ्या. त्या घरात उद्या कुणाची तरी लेकरं झोपणार आहेत हो.

वाटसरू:
घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आम्हाला मालकाने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं म्हणून आम्ही टिकलो. त्याआधी घ्यायला निघालेलो त्या घरात बँकेच्या माणसाने नकाशा आणि घर ताडून बघितलं आणि लोनच अडकलं, तोवर टोकन देऊन बसलेलो, ते परत मिळवताना नाकीनऊ आले. टोकन घ्यायच्या आधी सांगा आणि करारातही लिहा. काम नियमित, म्हणजे आता कायदेशीर, करून मिळतं का तेही विचारा, कधी दंड भरून होतं, कधी पूर्ववत करा म्हणतात.

निशिगंध:
खूप आभार सगळ्यांचे. इंजिनिअरला बोलावतेच. अजून एक, जाहिरातीत एजंटने बाल्कनी धरून कार्पेट एरिया टाकलाय, तो बदलायला सांगू का?

जुनीवही:
आजच बदलायला लावा. मंजूर नकाशातला आकडा टाका आणि आत घेतलेली बाल्कनी वेगळी लिहा, परवानगी नाही ह्या शब्दांसकट.