‘वाड्यावरची मंडळी’ ग्रुप : समीरने सांगलीत घर कुठे घ्यावे

शनिवार

अनघा, रात्री ८:४२
सर्वांना नमस्कार. आमच्या घरातले विषय मी एरवी ग्रुपवर आणत नाही, पण आज राहवत नाही. समीरने गेल्या रविवारी हरिपूर रस्त्याकडच्या एका फ्लॅटसाठी ५१ हजार रुपये टोकन दिले आणि ते मला आज, पावती कपाटात हाती लागल्यावर कळले. जूनपासून मला मिरजेच्या रुग्णालयात रुजू व्हायचे आहे, मुलगी पहिलीत जाते आहे, तेव्हा पुणे सोडून सांगलीत यायचे याबद्दल आमच्यात दुमत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या बाजूने नाना आणि काकूंना बोटीतून बाहेर काढावे लागले, त्याच बाजूला आपण आयुष्यभराची कमाई नेऊन ठेवायची, हे माझ्या मनाला पटत नाही. कृपया मोठ्यांनी यात बोलावे.

माईआत्या, ८:४६
मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे की विश्रामबागेतच घ्या. उंचावर आहे, विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही महाविद्यालये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, मिरज आणि सांगली दोन्हीकडे सारखेच जाता येते आणि २०१९ ला आमच्या दारात पाणी आले नाही.

समीर, ८:५८
अनघा, हे आपण घरात बोलू शकलो असतो. आता विषय निघालाच आहे तर सांगतो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारत नवी आहे आणि विश्रामबागेत ज्या पैशांत दोन खोल्या मिळतात त्यात इथे तीन मिळतात. मी बाजारभाव पाहून, विचार करूनच टोकन दिले आहे.

बाळूकाका, ९:०३
समीर, तू मिरज पाहिलीसच नाहीस याचे मला वाईट वाटते. अनघाची नोकरी मिरजेत, रेल्वेचे जंक्शन मिरजेत, शंभर वर्षांहून जुनी रुग्णालयांची परंपरा मिरजेत. २०१६ साली तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेले तेही मिरजेतूनच, मग तुमच्या तीन माणसांना ते कमी पडेल काय?

माईआत्या, ९:०५
बाळू, मिरजेतल्या जुन्या पेठांमधून दोन रिक्षा समोरासमोर आल्या की दोघींनाही पुढे जाता येत नाही. विश्रामबागेतच घ्या.

नाना, ९:२१
मी टंकलेखनाला वेळ घेतो, म्हणून सर्वांनी थोडा धीर धरावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी जवळपास ५४ फुटांपर्यंत चढले, २०१९ ला ५७ फुटांच्याही वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या घरात आले. सतरा वर्षांत तीनदा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथल्या कुटुंबांना तर इशारा पातळीच्या आगेमागेच घर सोडावे लागते. वाड्याच्या माजघरात मी २००५ ची रेघ तेलरंगाने ओढून ठेवली होती, ती विजेच्या बटणांच्या चार बोटे खाली आहे. २०१९ ची रेघ ओढायला मला स्टुलावर चढावे लागले, कारण ती कोनाड्याच्याही वर गेली. समीर, तू एप्रिलमधल्या उन्हात, पाय न भिजवता फ्लॅट पाहिलास. त्या भागात पाणी कुठवर आले होते हे तू कोणाला विचारलेस का?

समीर, ९:२६
बिल्डरने सांगितले की पाणी पार्किंगच्या वर आलेले नाही.

नाना, ९:३१
इमारत नवी आहे असे तूच वर लिहिले आहेस. ती २०१९ ला उभी होती का?

समीर, ९:३९
नव्हती.

शुभा, नाशिक, ९:४४
दुसरा मजला आहे म्हणून निश्चिंत राहता येते, असे कोणी समजू नये. २०१९ ला आईबाबांच्या शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यांवरची माणसे कोरडी होती, पण वीज नाही, नळाला पाणी नाही, खाली संडासाच्या टाक्या नदीत मिसळलेल्या आणि मोबाइलची बॅटरी संपलेली. दूध आणि औषधे दोरीला बादली बांधून वर घ्यावी लागत होती. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी संपल्या आणि मी नाशिकहून ज्यांना ज्यांना फोन केले, त्यांच्यापैकी काहींच्या घरी त्या वेळी पूर्ण कोरडे होते, एवढेच लिहिते.

माईआत्या, ९:४७
शुभा, तुझा रोख माझ्याकडे आहे हे मला कळते. रस्ता बंद होता, तुझे काका आजारी होते आणि पाणी ओसरताच नाना आणि वहिनी आमच्याकडेच बारा दिवस राहिले होते.

शुभा, नाशिक, ९:४९
हा संदेश काढून टाकला आहे.

बाळूकाका, ९:५२
जे झाले ते झाले, आता पोराच्या घराचे बोलू या. आणि मुळात हा सगळा पूर कर्नाटकने कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी अडवल्यामुळे येतो. त्यांचे दरवाजे वेळेवर उघडले तर हरिपूर रस्तासुद्धा कोरडा राहील.

नाना, १०:०४
बाळू, अलमट्टीवर लक्ष ठेवलेच पाहिजे आणि तिची उंची वाढवण्याला आपला विरोध रास्तच आहे, पण राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली दिलेल्या अहवालात २०१९ च्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवलेला नाही. तो निष्कर्ष अनेकांना मान्य नाही, हेही खरे. पण घर घेणाऱ्याने पाहायची गोष्ट डोळ्यांसमोर आहे. आपल्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा तुडुंब असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येते, आणि नाल्यांमधून उलटे शहरात शिरते. म्हणून नदी दिसतसुद्धा नाही अशा गल्लीत गुडघाभर पाणी येते. शिवाय नदीच्या पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तो फ्लॅट कोणत्या रेषेत आहे, हे नगररचना विभागातून झोन दाखला काढून आधी पाहा आणि मग तीन खोल्यांचा हिशेब कर.

माईआत्या, १०:०७
म्हणूनच मी म्हणते, विश्रामबागेतच घ्या. परवडत नसेल तर शामरावनगरकडे मात्र मुळीच वळू नका, तिथे पावसाळ्यात माणूस घोट्यापर्यंत चिखलात रुततो.

विनू, १०:१५
माई मावशी, तुम्ही म्हणता ते खोटे नाही, पण ज्या सुरात म्हणता तो आम्हाला लागतो. मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून शामरावनगरात दोन गुंठे घेतले, कारण २०१० मध्ये आम्हाला तेवढेच परवडत होते. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेले ते प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट मिळाली आणि २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, पण कागद नियमित झाला म्हणून गटार आपोआप होत नाही. काळी माती पाणी सोडत नाही. मोकळ्या प्लॉटमध्ये साचलेले पाणी दिवाळीपर्यंत हिरवे होऊन उभे राहते. माझा मुलगा पाचवीत आहे. जुलै उजाडला की शाळेची व्हॅन मुख्य रस्त्यावरच थांबते. तो बूटमोजे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन, हातात चपला धरून तिथवर चालत जातो आणि व्हॅनच्या पायरीवर बसून पाय पुसतो. तरीही ते आमचे घर आहे, आणि शेजारी रात्री दोन वाजता हाक मारली तरी येतात.

माईआत्या, १०:१९
विनू, तुझे मन दुखावण्याचा माझा हेतू नव्हता. तू कष्टाने घर उभे केलेस हे सगळ्यांना ठाऊक आहे.

विनू, १०:२४
ठीक आहे, मावशी. समीर, माझे एवढेच ऐक. कोणताही भाग ठरवण्याआधी तिथल्या किराणा दुकानदाराला विचार की २०१९ ला दुकानाच्या शटरला पाणी कुठवर लागले होते आणि साध्या पावसात दुकानासमोर किती दिवस पाणी उभे राहते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. नदीच्या पाण्यापासून वाचलेला भागही पावसाच्या पाण्यात अडकतो, हे मी रोज पाहतो. दुकानदाराला तुला काही विकायचे नसते, त्यामुळे तो खरे सांगतो.

अनघा, १०:३०
विनूभावजी, मनापासून आभार. मला नेमके असेच कोणीतरी सांगायला हवे होते. मला मिरजेला रात्रपाळ्याही असतील. रात्री दहा वाजता मी सुटले तर कोणत्या रस्त्याने घरी येईन, पूल आणि चौक पाण्याखाली असतील तर मुलीजवळ कोण असेल, हे मला घराच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे वाटते. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला गेल्यापासून त्या बाजूला वस्ती वाढली आहे आणि तिथून मिरजही सोयीची आहे असे मी ऐकले. तिकडे कोणाची ओळख आहे का?

बाळूकाका, १०:३४
आहे. माझे एक मित्र तिथे राहतात. पण खोल्या लहान आहेत आणि काही इमारतींना अजून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नाही, तेवढे तपासावे लागेल. मोठा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागून घ्या.

माईआत्या, १०:३६
विजयनगर म्हणजे विश्रामबागेला लागूनच. मी वेगळे काय सांगत होते?

समीर, १०:५१
मी इतका वेळ गप्प होतो, कारण जे सांगायचे आहे ते नानांसमोर लिहायला संकोच वाटत होता. मी हरिपूर रस्ता निवडला तो खोल्यांसाठी किंवा किमतीसाठी नाही. काकू गेल्यापासून नाना वाड्यात एकटे असतात. गेल्या दसऱ्याला मी आलो तेव्हा त्यांनी अंगणातला नळ दुरुस्त होईना म्हणून तीन दिवस शेजारून कळशीने पाणी आणले होते आणि फोनवर आम्हाला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत होते. तो फ्लॅट वाड्यापासून दुचाकीने दहा मिनिटांवर आहे. विश्रामबाग आणि मिरज लांब नाहीत हे मलाही कळते, पण मला संध्याकाळी कामावरून येताना वाटेत थांबता येईल असे घर हवे होते. अनघाला मी हे सांगितले नाही, ती माझी चूक झाली.

अनघा, १०:५५
समीर, हे तू मला सांगितले असतेस तर मी ग्रुपवर लिहिले नसते.

शुभा, नाशिक, १०:५७
समीर, मी मुलगी असून लांब आहे आणि तू हा विचार केलास. मी यावर जास्त लिहू शकत नाही.

नाना, ११:२२
समीर, वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. माझ्यासाठी तू पोरीला पुराच्या पाण्यात आणून ठेवू नकोस. २०१९ ला मी बोटीत बसलो तेव्हा समोर चार वर्षांचा एक मुलगा होता. दप्तर छातीशी धरून तो आपल्या घराचे छप्पर दिसेनासे होईपर्यंत मान वळवून बघत होता. आपल्या घरातले लेकरू तसे बघताना मला पाहायचे नाही. वाडा मी सोडणार नाही. तिथे तुमच्या काकूची तुळस आहे आणि तिथेच मला बरे वाटते. पण आकडा ३५ फुटांवर गेला की मी स्वतः पिशवी भरून तुमच्याकडे येईन, कोणी न्यायला येण्याची वाट पाहणार नाही. त्यासाठी तुमचे घर कोरड्या जागी असायला हवे. तिसरी खोली लहान असली तरी चालेल, मला कॉट आणि खिडकी पुरे.

माईआत्या, ११:२५
नाना, आमच्याकडेही खोली आहे, हे विसरू नका. या वेळी पाणी चढायच्या आधी या.

शुभा, नाशिक, ११:२६
माईआत्या, आभार. मघाचे मी काढून टाकले ते बरे झाले.

समीर, ११:३३
टोकन परत मिळेल का हे सोमवारी बोलून पाहतो. पावतीवर मुदतीचा उल्लेख नाही, त्यामुळे काही रक्कम कापतील असे वाटते.

विनू, ११:३६
मी सोबत येतो. पावतीची दोन्ही बाजूंची छायाप्रत आणि दाखल्याचा अर्ज बरोबर घे.

बाळूकाका, ११:४०
उद्या सकाळी साडेसातला मी विजयनगरला मित्राला सांगून ठेवतो. अनघा, तूही ये, आणि आधी घर पाहू नकोस, कोपऱ्यावरच्या दुकानात चहा घे.

नाना, ११:४४
मला सात वाजता वाड्यावरून घ्या. मोजपट्टी मी आणतो.

माईआत्या, ११:४५
येताना विश्रामबागेतल्या दोन जागाही पाहून जा, पत्ते मी सकाळी पाठवते.