घोषणा नको, वेळापत्रकात हात घालू द्या
'किशोरवयीन मुलांना पुढे करायचं म्हणजे प्रभातफेरीत फलक धरायला लावायचे', अशी तक्रार आरोग्य कार्यक्रमांबद्दल एकाने केली आहे आणि ती बरीचशी खरी आहे. पण त्यावरून मुलांना नेतृत्व झेपत नाही असा त्यांनी काढलेला निष्कर्ष पटला नाही. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींना समवयस्क शिक्षक (बरोबरीच्या मुलांना आरोग्याची माहिती देणारे) म्हणून निवडायची सोय आहे. निवड मात्र बहुतेकदा वर्गातल्या हुशार, गुरुजींच्या लाडक्यांचीच होते, तो भाग वेगळा.

आमच्या चोपड्याकडच्या एका शाळेत लोहाची निळी गोळी दर आठवड्याला प्रार्थनेनंतर द्यायचे. निम्म्या पोरी ती गुपचूप फेकायच्या. मोठ्यांनी रक्तक्षयावर भाषणं दिली, फरक शून्य. शेवटी नववीतल्या दोघींनीच मैत्रिणींना विचारलं, तेव्हा कळलं : 'उपाशीपोटी खादी का मळमळस.' गोळी जेवणानंतर घ्यायची हे सूचनेतच आहे, पण कुणी वाचलं होतं! त्या दोघींनी हेडसरांकडे धरणं धरून ती मधल्या सुट्टीत, डबा खाल्ल्यावर द्यायला लावली. आता फेकाफेक जवळजवळ थांबली आहे. हेडसर अजून नाराज आहेत म्हणे, त्यांचा तास कमी होतो.