उत्तर: चुनखडकाचे प्रकार रंगावरून?

वरच्या प्रश्नात चुनखडकाचे पिवळा, करडा, काळा असे रंगावरून प्रकार पाडलेत, पण भूवैज्ञानिक तसं वर्गीकरण करत नाहीत, कारण थोडी माती किंवा सेंद्रिय कार्बन मिसळला की रंग बदलतो. डनहॅम या भूवैज्ञानिकाची १९६२ ची पद्धत जास्त वापरात आहे आणि मला तीच आवडते, कारण त्यात मुख्य प्रश्न हा की दगडातले कण, म्हणजे शिंपल्यांचे तुकडे वगैरे, एकमेकांना टेकलेत की चुन्याच्या चिखलात सुटे तरंगतायत? कण १० टक्क्यांहून कमी तर मडस्टोन, जास्त पण सुटे तर वॅकस्टोन, टेकलेत आणि मध्ये चिखल आहे तर पॅकस्टोन, चिखलच नाही तर ग्रेनस्टोन. पोरबंदरी दगडाच्या ताज्या तुटलेल्या कडेला भिंग लावा, बारीक गोल कण वेगवेगळे ओळखू येतात, शहाबादी फरशीत मात्र बहुतेक ठिकाणी काहीच दिसत नाही, एकदम गुळगुळीत.

आणि नाशिककरांसाठी एक, आपल्याकडे सगळा बेसॉल्टच, पण गोदाकाठच्या मातीत जे पांढरे खडे, कंकर सापडतात त्यांच्यावर सौम्य अ‍ॅसिड टाकलं की चुनखडकासारखे तेही फसफसतात. फक्त ते समुद्रात साचलेले नाहीत, जमिनीतलं पाणी सुकताना मातीतच तयार झालेत, त्यामुळे त्यांना मडस्टोन, वॅकस्टोन म्हणू नका, भूवैज्ञानिक त्यांना वेगळं कॅल्क्रीट म्हणतात.