स्पीडबोट, बेटं आणि स्नॉर्कलिंग: तुमचे अनुभव लिहा

थायलंडच्या फुकेत-क्राबीला जाऊन आलेल्यांचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत. हिरवं पाणी, सरळ उभे चुनखडीचे कडे, बोटीच्या टोकावर हात पसरून उभं राहिलेलं कुणीतरी. फोटोत जे येत नाही त्यासाठी हा धागा आहे. एका दिवसाच्या स्पीडबोट टूरमध्ये नक्की काय होतं, काय न्यायचं, काय बघून जीव खूश झाला आणि कशाने डोकं फिरलं, सगळं लिहा. फी फी, सिमिलान (ही तिथलीच बेटं), अंदमान, मालवण, कुठलंही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही फेब्रुवारीत फुकेतहून फी फी केलं. सकाळी सातला हॉटेलवर व्हॅन आली, जेटीवर चहा-बिस्किटं, मनगटाला रंगीत पट्टी, आणि मग एक मुलगा भलीमोठी टोपली घेऊन फिरायला लागला, त्यात सगळ्यांनी चपला टाकायच्या. दिवसभर अनवाणी! दुपारी एकच्या वाळूत ते किती महागात पडतं ते बांबू आयलंडवर कळलं, पाण्यात चालणारे शूज असतील तर पिशवीत ठेवाच. तासाभरात फी फी येतं. मग माया बे, पिले लगून, व्हायकिंग केव्ह (ही फक्त बोटीतून बघायची, आत पाकोळ्यांची घरटी काढायला बांबूचे मचाण बांधलेत, त्या घरट्यांचं सूप चिनी लोक सोन्याच्या भावात पितात), मंकी बीच, फी फी डॉन या मोठ्या बेटावर जेवण, शेवटी बांबू आयलंड. आता एवढं सगळं एका दिवसात बसवायचं म्हणजे हिशोब तुम्हीच करा. प्रत्यक्ष स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तोंड पाण्यात घालून मासे बघणं, जेमतेम पाऊण तास.

पण तो पाऊण तास! पाण्याखाली मला सारखा कुरुमकुरुम आवाज येत होता, वाटलं नळीत काहीतरी बिघाड आहे. तर समोर एक हिरवा-गुलाबी पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. गाईड म्हणाला हा कोरल (प्रवाळ) कुरतडतो आणि मागून बारीक वाळू सोडतो, इथली बरीचशी पांढरी वाळू यांचीच. त्यानंतर बीचवर बसताना जरा विचार आलाच :-)

* * *

मला पोहता येत नाही आणि मला मिशी आहे. दोन्ही गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत.

पोहण्याचं आधी. लाइफ जॅकेट नीट आवळलेलं असेल तर माणूस बुडत नाही, हे डोक्याला पटतं पण पायाखाली जमीन नाही म्हटल्यावर पोटाला पटत नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी बराच वेळ लटकून होतो, मागे रशियन कुटुंब रांगेत. शेवटी गाईडने रिंग टाकली, म्हणाला ही धर आणि फक्त चेहरा पाण्यात घाल. आपल्याला नाकाने श्वास घ्यायची जन्माची सवय, त्यामुळे पहिल्यांदा मास्क आत ओढला जातो आणि जीव घाबरतो. मग तोंडाने, सावकाश, नळीतून घुर्रर आवाज ऐकत. तो आवाज एका लयीत आला की भीती जाते, खरंच सांगतो. मग खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आणि तळाला लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर. ते बघितल्यावर पाय टेकवायचा विचार आपोआप गेला.

आता मिशी. मिशीच्या केसांवर मास्कचं रबर चिकटत नाही, नाकाखालून पाणी झिरपत राहतं. दर दोन मिनिटांनी मास्क वर करून पाणी काढायचं. एका पोराने खिशातून व्हॅसलिनची डबी काढून माझ्या मिशीवर चोपडलं आणि बऱ्यापैकी थांबलं. मिशीवाल्यांनी डबी घरूनच न्यावी. काचेवर वाफ धरते त्यावर उपाय थुंकी, आतून चोळायची आणि विसळायची. बायको बघत नसताना करा.

* * *

आमच्याबरोबर सासूबाई होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे कुरकुरणारे. एजंट म्हणाला काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम जागेचा असतो. आई हौसेने पुढे बसल्या, व्ह्यू चांगला म्हणून, आणि बोट जेटीच्या बाहेर पडून वेग घेतल्यावर पुढचा भाग उचलला जाऊन आपटायला लागला. एसटीत शेवटच्या सीटवर जे होतं ते बोटीत पुढे होतं. कंबर, मणका, मान, सगळ्याला हिसके. मी कॅप्टनला हातवारे करून बोट हळू करायला लावली आणि आईंना मागे इंजिनाजवळ आणून बसवलं, तिथे आवाज प्रचंड पण दणके खूपच कमी. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी पुढे अजिबात बसू नये, असं आपटून मणक्याला फ्रॅक्चर झालेले आहेत लोक. गरोदर बायकांना तर बहुतेक टूरवाले घेतच नाहीत आणि ते योग्यच आहे.

पिले लगूनमध्ये आई पाण्यात उतरल्या नाहीत, शिडीवर बसून पाय सोडले आणि पायांभोवती मासे आल्यावर "अगंबाई, अगंबाई" असं इतक्या मोठ्याने म्हणत राहिल्या की शेजारच्या बोटीतल्या चिनी बायका त्यांचा व्हिडिओ काढायला लागल्या. पैसे तिथेच वसूल.

* * *

जुलैमध्ये कुणी जाऊ नका प्लीज. निदान अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे फुकेत, क्राबी, फी फी. आपल्यासारखाच नैर्ऋत्य मान्सून तिथेही असतो, मे ते ऑक्टोबर, सिमिलान तर साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच ठेवतात. ऑफर स्वस्त होती आणि सकाळी ऊनही होतं. बुकिंगवाल्याने "सी इज फाइन" सांगितलं. परत येताना लाटा एवढ्या की बोट हवेत जाऊन खाली आदळायची आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज. पिशव्या वाटल्या गेल्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझ्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी नखांचे वण होते. 2018 च्या जुलैमध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडून 47 जण गेले होते, हे मी परत आल्यावर वाचलं. ती स्पीडबोट नव्हती, मोठी बोट होती, तरी. पावसाळ्यातच सुट्टी असेल तर कोह सामुई, कोह ताओची बाजू बघा, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर.

बोट लागणाऱ्यांसाठी: गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, ॲव्होमिन किंवा स्टुजेरॉन निघायच्या तासभर तरी आधी, डॉक्टरांना विचारून. ॲव्होमिनने झोप येते हे लक्षात ठेवा. उपाशी जाऊ नका, तुडुंब खाऊनही नको. मोबाइलमध्ये डोकं न घालता लांब क्षितिजाकडे बघत बसायचं.

* * *

शाकाहारी लोकांचं काय?? आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

* * *

वरच्या प्रश्नाला: बुफेमध्ये भात, कलिंगड, अननस, फ्राइज आणि एक भाजी असते, पण त्या भाजीत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस बहुतेक असतोच. नुसतं व्हेज म्हटलं तर मांसाचे तुकडे नसलेलं मिळतं, एवढंच. त्यापेक्षा "जे" हा थाई शब्द वापरा, म्हणजे तिथलं कडक शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नसतं. पण टूरच्या बुफेत ऐनवेळी कोण करून देणार. आम्ही दशम्या, कोरडी चटणी आणि भाकरवडी नेली होती. फक्त मंकी बीचवर पिशवी उघडू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका माकडाने एका काकांच्या खांद्यावरून चिवड्याचं पाकीट नेलं आणि काका मागे धावले. माकड चावलं तर रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात, ट्रिप तिथेच संपते. आम्ही तर बोटीतूनच उतरलो नाही.

* * *

मी फुकेतला राहते, नवऱ्याची नोकरी इथे आहे, त्यामुळे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा फी फीला घेऊन जाणं हे माझं कर्तव्य झालंय. काही गोष्टी लिहिते.

माया बेला गेल्यावर पोहू देत नाहीत म्हणून आपली माणसं फार चिडतात. हॉलिवूडच्या सिनेमाने ती जागा इतकी गाजवली की दिवसाला हजारो लोक उतरायचे, नांगरांनी कोरलची वाट लागली, शेवटी 2018 च्या जूनमध्ये ती बंद केली आणि 1 जानेवारी 2022 ला उघडली. आता समोरून बोटी आत येत नाहीत. मागच्या लो सामा बाजूच्या तरंगत्या धक्क्यावर उतरायचं आणि लाकडी वाटेने पलीकडे चालत जायचं. पाण्यात गुडघ्यापर्यंतच, पुढे गेलं की शिट्टी. पण शांत उभं राहिलं तर त्या गुडघाभर पाण्यात परांना काळी टोकं असलेले छोटे शार्क फिरताना दिसतात, माणसांच्या गर्दीत ते गायबच झाले होते. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माया बे बंद असतो, तारखा बघून बुक करा. पार्कची फी परदेशी माणसाला 400 बाट, मुलांना 200, ती टूरच्या भावात धरलीय का हे आधी विचारा, नाहीतर जेटीवर वेगळी मागतात आणि मग भांडणं.

सनस्क्रीन: ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे असलेली क्रीम्स इथल्या समुद्री राष्ट्रीय उद्यानांमध्ये 2021 पासून बंद आहेत, दंड एक लाख बाटपर्यंत. मी पाहुण्यांना सरळ पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग्ज घालायला लावते. स्नॉर्कलिंग करताना आपण पालथे असतो, त्यामुळे भाजतात त्या पोटऱ्या आणि मान, जिथे क्रीम लावायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि माशांना ब्रेड घालू नका, बोटीवरच्या माणसाने हातात दिला तरी. पार्कमध्ये बंदी आहे.

अजून एक. लाँगटेल बोटींच्या (तिथल्या पारंपरिक लाकडी होड्या) नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगीत कापडं आणि फुलांचे हार बांधलेले असतात, ते डेकोरेशन नाही, बोटीच्या देवीसाठी असतात. त्यावर पाय ठेवून फोटो काढणारे आपलेच लोक बघितले की मला लाज वाटते. नारळी पौर्णिमेला कोळ्याने पुजलेल्या होडीच्या नाळेवर तुम्ही असे चढाल का?

* * *

मला अजिबात आवडलं नाही, तेही लिहितो. सगळ्या बोटी एकाच वेळी निघतात, एकाच क्रमाने त्याच जागा करतात. पिले लगून सुंदर असेलही, पण मी गेलो तेव्हा पाण्यावर पेट्रोलचा वास आणि चहूबाजूंनी लाइफ जॅकेटं. गाईडचा सगळा दिवस "ट्वेंटी मिनिट्स, ट्वेंटी मिनिट्स" ओरडण्यात गेला. त्यापेक्षा फी फी डॉनला एक रात्र राहावं आणि तिथल्या तोनसाई धक्क्यावरून पहाटे लाँगटेल करावी, फुकेतच्या बोटी यायच्या आत लगून रिकामं मिळतं. चार जणांत वाटून घेतलं तर फार महागही पडत नाही. माझ्या मते एका दिवसात सहा ठिकाणं हा प्रकारच चुकीचा आहे.

* * *

थायलंडच कशाला? समुद्र तोच, अंदमान समुद्र. हॅवलॉकच्या (आता स्वराज द्वीप) जेटीवरून एलिफंट बीचला स्पीडबोट वीसेक मिनिटांत नेते आणि काठापासून थोडं आत गेलं की कोरल सुरू. न पोहणाऱ्यांना ट्यूबला धरून गाईड ओढत नेतो, आमच्या आईबाबांनी पण केलं. आपली ती जुनी लाल वीसची नोट आठवतेय? तिच्यावरचं चित्र अंदमानातल्याच नॉर्थ बेचं, दीपगृहासकट. नॉर्थ बेलाही स्नॉर्कलिंग होतं पण गर्दी जास्त. कोरल सगळीकडे रंगीत नाही हे खरं, 2010 मध्ये पाणी तापून बरंच पांढरं पडलं होतं, तेव्हा थायलंडच्या बाजूलाही तेच झालं आणि तिथे डायव्हिंगच्या काही जागा बंद ठेवायला लागल्या. शिंपले-कोरल उचलून आणू नका, परत येताना विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. आणि सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मराठी माणूस परत येऊच शकत नाही, ते थायलंडमध्ये कुठे!

* * *

आता आमच्या मालवणाबद्दल कोण लिवणार? मीच लिवतंय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडकात स्नॉर्कलिंग होतं, 1987 पासून हे सागरी अभयारण्य आहे. खोटं सांगणार नाही, पाणी थायलंडसारखं काचेसारखं नसतं, एखाद्या दिवशी तळ स्वच्छ दिसतो आणि एखाद्या दिवशी स्वतःचा हात दिसत नाही. ऑक्टोबर ते मे, त्यातही थंडीत, सकाळी लवकर या. पावसाळ्यात बंद. पण पाण्यातून वर आल्यावर सुरमईची थाळी आणि सोलकढी मिळते, फ्राइज आणि कलिंगड नाही. आणि गाईड आपल्या भाषेत ओरडतो, "अरे पाय हलव, पाय!"

* * *

बायकांसाठी: स्पीडबोटीत टॉयलेट नसतं किंवा असलं तरी चालत्या बोटीत त्यात उभं राहता येत नाही. जेवणाच्या बेटावर असतं, सुटे बाट जवळ ठेवा. पाळी असेल तर मेन्स्ट्रुअल कप सगळ्यात सोयीचा. फ्रॉकवाला स्विमसूट असेल तर त्याचा घेर पाण्यात छत्रीसारखा वर येतो, आत शॉर्ट्स हव्यातच. ओले कपडे बदलायला एक मोठा दुपट्टा न्या.

* * *

जेटीवर निघताना एक बाई सगळ्यांचे हसरे फोटो काढते तेव्हा वाटतं काय प्रेमळ लोक आहेत. संध्याकाळी खारवलेले, लाल झालेले, केसांचं झाडू झालेले आपण उतरतो आणि टेबलावर आपलाच सकाळचा चेहरा चिनीमातीच्या बशीवर छापून ठेवलेला. आमच्या बाबांनी "मी माझंच तोंड विकत घेणार नाही" म्हणून ठणकावलं आणि आईने गुपचूप जाऊन घेतली. ती आता शोकेसमध्ये आहे.

* * *

चष्मेवाल्यांनी काय करायचं? नंबर उणे पाच आहे, मास्कमध्ये चष्मा बसणार नाही ना?

* * *

नाही बसत, काड्यांमुळे कडेने पाणी शिरतं. पाण्यात मासे असेही जवळ आणि मोठे दिसतात त्यामुळे एक-दीड नंबरवाल्यांचं बिनचष्म्याचं भागतं, तुमचं नाही भागणार. नंबरचे मास्क मिळतात, पण टूरवाल्याला आदल्या दिवशी नंबर सांगून ठेवायचा. बोटीवर विचारलंत तर "नो हॅव, नो हॅव" एवढंच उत्तर मिळेल.