‘अनलिमिटेड’ फायबर दर महिन्याच्या वीस तारखेला मंदावते. हे नियमात बसते का?

सातपूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकला राहतो आणि लग्नसमारंभांच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा व्यवसाय करतो. गेल्या दीड वर्षापासून घरी १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. ते घेताना जाहिरातीत, पावतीवर आणि वायर ओढायला आलेल्या मुलाच्या बोलण्यात ‘अनलिमिटेड’ हाच शब्द होता.

मी आणि माझा सहकारी असे दोघे जण दोन कॅमेऱ्यांवर फोर-के चित्रीकरण करतो. आमच्या सेटिंगला एका तासाचे साधारण ४५ जीबी होतात, म्हणजे दोन दिवसांच्या लग्नाचे सहज ९०० जीबी भरतात. हे सगळे मी रात्री पुण्याच्या संकलकाकडे अपलोड करतो. लग्नसराईत महिन्याला चार लग्ने झाली की वीस तारखेच्या आसपास इंटरनेट एकदम बसते. मागच्या वेळी अपलोडच्या खिडकीत ‘उरलेला वेळ ४१ दिवस’ असे दिसू लागले आणि मला आधी वाटले की लॅपटॉपच बिघडला. राउटर तीनदा बंद-चालू केला, वायर बदलली, काही फरक पडला नाही. ग्राहक सेवा केंद्राला फोन केल्यावर उत्तर मिळाले की, ‘सर, तुमचा एफयूपी संपला आहे, एक तारखेला स्पीड परत येईल.’ एफयूपी म्हणजे ‘फेअर यूसेज पॉलिसी’, पूर्ण वेगाने वापरता येणाऱ्या जीबीची महिन्याची मर्यादा.

संकेतस्थळावर प्लॅनच्या पानाच्या तळाशी ‘अटी लागू’वर दाबले तेव्हा एक वेगळे पान उघडले. तिथे लिहिले आहे की, ३३०० जीबीनंतर वेग २ एमबीपीएस होईल आणि त्या ३३०० जीबीमध्ये अपलोड व डाउनलोड दोन्ही धरले जातील. माझ्या घरात आई-वडील, पत्नी आणि दहावीतली मुलगी आहे. माझ्या कामामुळे त्या सगळ्यांचे इंटरनेट दहा दिवस बंद पडल्यासारखे होते, हे मला फार लागते. मर्यादा असू नये असे माझे म्हणणे नाही, पण ती विकताना का सांगितली नाही? शिवाय हा वेग मुद्दाम कमी केला जातो की लाइनमध्येच काही दोष आहे, हे घरबसल्या कसे ओळखावे, आणि तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

मिरजेचा_ऑपरेटर

मी आठ वर्षे छोटा केबल-इंटरनेट ऑपरेटर होतो आणि नंतर तो व्यवसाय विकला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी ओळखण्याची रीत. तुमचे कनेक्शन एका यूजरनेमवर चालते आणि कंपनीचा सर्व्हर त्या यूजरनेमपुढे तुम्ही वापरलेले जीबी मोजत असतो. आकडा भरला की तोच सर्व्हर तुमच्या खात्याचा वेग खाली आणण्याची सूचना देतो. त्यामुळे राउटर कितीही वेळा बंद केला तरी काही होत नाही. बंधन यंत्रावर नसते, खात्यावर असते. असा वेग एका क्षणात पडतो आणि मग दिवस असो वा रात्र, एका रेषेत राहतो. लाइनवर गर्दी असेल तर तो संध्याकाळी पडतो, मध्यरात्रीनंतर सुधारतो आणि सतत वरखाली होतो. वायफाय मध्ये न आणता लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावा, पहाटे पाच वाजता दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा स्पीड टेस्ट घ्या. तिन्ही वेळा २ च्या आसपासच आकडा आला तर लाइन निर्दोष आहे आणि वेग मुद्दाम बांधलेला आहे. एकच काळजी घ्या: टेस्टचा सर्व्हर तुमच्याच कंपनीचा निवडू नका, कारण कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातला वेग आणि बाहेरचा वेग यांत फरक असू शकतो.

आता कंपन्या असे का करतात ते सांगतो. घरोघरी आलेले फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचे असते. त्यात मुख्य केंद्रातून निघालेल्या एका धाग्यावर घरांकडे येणारा सुमारे २.५ जीबीपीएस आणि घरांकडून जाणारा सुमारे १.२५ जीबीपीएस एवढाच वेग असतो, आणि खांबावरच्या डबीतला स्प्लिटर तो धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. ६४ घरांना १०० एमबीपीएस विकले तर बेरीज ६.४ जीबीपीएस होते. यात लबाडी नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या हिशेबावरच हा धंदा जगभर उभा आहे आणि म्हणून तर महिन्याला काहीशे रुपयांत कनेक्शन मिळते.

पण माझे ठाम मत आहे की महिन्याचा एकूण आकडा हे गर्दी मोजण्याचे चुकीचे माप आहे. मी वरच्या कंपनीकडून जी क्षमता विकत घेत असे, तिचे पैसे जीबीवर ठरत नव्हते. सर्वाधिक गर्दीच्या वेळी किती वेग लागतो यावर ठरत होते. माझ्या संगणकावरचा आलेख रोज रात्री नऊ ते अकरा या वेळात माथ्याला टेकायचा आणि पहाटे तीनला तळाशी असायचा. पहाटे कोणी शंभर जीबी ओढले तर माझा एक रुपयाही जास्त जात नसे, आणि रात्री साडेनऊला सगळी आळी क्रिकेटचा सामना लावून बसली की महिन्याला फक्त पन्नास जीबी वापरणारा माणूसही त्या गर्दीत भर घालत असे. तुमचे ९०० जीबी तर रात्री उशिरा आणि घराकडून बाहेर जातात. घरगुती जाळ्यात ती दिशा बहुतेक वेळ मोकळी असते.

दुसरी बाजूही लिहितो, कारण ती खरी आहे. माझ्याकडे एका वसतिगृहाच्या मालकाने एक घरगुती कनेक्शन घेऊन तीस खोल्यांत वाटले होते आणि प्रत्येक खोलीकडून वेगळे पैसे घेत होता. अशा माणसाला आवरायला ऑपरेटरच्या हाती काहीतरी लागते. मात्र त्यासाठी करारात पुनर्विक्रीला बंदी असते आणि ती बजावता येते. प्रामाणिकपणे जास्त वापरणाऱ्याला त्याच मापाने मोजणे बरोबर नाही.

वसुधा_चिपळूण

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी घरून शिकवण्या घेते आणि आमच्याकडे महिन्याला दीडशे जीबीसुद्धा लागत नाहीत. संध्याकाळच्या तासाला मुलांचे चेहरे पडद्यावर गोठतात, फळ्यावर लिहिलेले गणित त्यांना अर्ध्या मिनिटाने दिसते, आणि तेव्हा मनात येतेच की कोणीतरी सगळी लाइन अडवून बसले आहे. ३३०० जीबी ही काही लहान मर्यादा नाही. एचडी चित्रपटाला तासाला साधारण ३ जीबी लागतात असे धरले, तर ते ११०० तास होतात, आणि तीस दिवसांचे एकूण तासच ७२० असतात. एवढ्या वापराला व्यावसायिक प्लॅन घ्यावा असे कंपनी म्हणाली, तर मला ते अन्यायाचे वाटत नाही.

मिरजेचा_ऑपरेटर

वसुधाताई, तुमची अडचण मी रोज फोनवर ऐकलेली आहे, म्हणून ती हलकी मानत नाही. पण सातपूरकरांचा वेग वीस तारखेला २ वर आणल्याने तुमचा तास सुधारत नाही. तुमच्या भागात संध्याकाळी क्षमता अपुरी पडते आहे आणि ती वाढवणे हे ऑपरेटरचे काम आहे. पाच तारखेला, जेव्हा कोणाचीच मर्यादा संपलेली नसते, तेव्हाही तुमच्याकडे चेहरे गोठतच असतील. एकदा तारखा लिहून पाहा.

तुमच्या तासांच्या हिशेबाला एक जोड देतो. १०० एमबीपीएस पूर्ण वेगाने सलग चालवले तर ३३०० जीबी साधारण ७३ तासांत संपतात. म्हणजे महिनाभराच्या पैशांत पूर्ण वेगाचे तीन दिवस आणि एक तास. बहुतेक घरांना ते पुरून उरतात हे मान्य, पण मग जाहिरातीत ३३०० असेच छापावे.

ग्राहक_पंचायतीचा_कार्यकर्ता

मी ठाण्यात ग्राहकांना तक्रारी लिहून देण्याचे काम करतो. कायद्याच्या बाजूने जेवढे ठामपणे सांगता येते तेवढे सांगतो.

वेग कमी करणे हे आपल्याकडे बेकायदा नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एफयूपीला परवानगी ठेवून त्यावर अटी घातल्या आहेत. २०१२ मध्ये कंपन्यांना सांगण्यात आले की मर्यादा किती, मर्यादेपर्यंतचा वेग किती आणि त्यानंतरचा वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट कळवले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ च्या आदेशाने घरगुती ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या (सुमारे अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली नेण्यास मनाई केली आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला सूचना द्यायला लावली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्याच ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. तुमचा २ चा आकडा बहुधा तिथून आला असावा, असा माझा अंदाज आहे.

म्हणून ‘वेग का कमी केला’ असा तक्रारीचा मुख्य मुद्दा करू नका. त्याला छापील उत्तर येईल. ‘मर्यादा विक्रीच्या वेळी सांगितली नाही आणि सूचना आल्या नाहीत’ हा मुद्दा करा. मोबाइलमधले जुने एसएमएस आणि ई-मेल आजच तपासा. ५० आणि ९० टक्क्यांच्या सूचना सापडल्या नाहीत तर तुमची बाजू भक्कम आहे.

वेग सरसकट न पडता फक्त काही सेवांचा पडत असेल, म्हणजे टोरंट (संगणकांनी आपसांत फाइल वाटण्याची पद्धत) किंवा एखादे व्हिडिओ ॲप तेवढे रखडत असेल आणि बाकी सगळे नीट चालत असेल, तर प्रश्न वेगळा होतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे मान्य केली आणि नंतर ती परवान्यांच्या अटींत आली. त्यानुसार मजकूर पाहून भेदभाव करता येत नाही. तुमच्या बाबतीत तसे दिसत नाही.

पायऱ्या अशा आहेत. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय झालेले बोलणे झालेच नाही असे समजा. उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे लक्षात ठेवा. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पूर्वी दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असा युक्तिवाद कंपन्या करीत असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी असल्याचे स्पष्ट केले.

‘तुम्ही व्यवसायासाठी वापरता, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असे तुम्हाला सांगितले जाईल. घाबरू नका. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूत धरलेली नाही, आणि सेवेलाही तेच लागू व्हावे असे तुम्हाला मांडता येते. मात्र कनेक्शनच्या करारात व्यावसायिक वापराला बंदी आहे का, हे अपील लिहिण्याआधी वाचून घ्या.

एडिसनवाला

मी न्यू जर्सीत राहतो. इथला एक जुना प्रसंग या चर्चेला उपयोगी पडेल. २००७ मध्ये कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरंटने फाइल पाठवणाऱ्या ग्राहकांची जोडणी गुपचूप तोडत असल्याचे एका ग्राहकाने स्वतः तपासून उघड केले. दोन संगणकांच्या संभाषणात कंपनी मध्येच खोटा निरोप घालत असे, आणि प्रत्येकाला वाटे की समोरच्यानेच जोडणी बंद केली. ऑगस्ट २००८ मध्ये एफसीसी या नियामकाने ते बंद करायला सांगितले. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने, एफसीसीला तो अधिकारच नव्हता, म्हणून तो आदेश रद्द केला.

मला यातला महत्त्वाचा भाग मधला वाटतो. आदेशानंतर कॉमकास्टने जी नवी पद्धत आणली तिच्यात कोण काय पाठवतो हे पाहिले जात नव्हते. एखाद्या भागातली लाइन खरोखर भरली, तरच त्या क्षणी तिथे सर्वांत जास्त वापरणाऱ्याची पाळी थोडा वेळ मागे ढकलली जाई, आणि गर्दी ओसरली की तो पूर्ववत होई. त्याच सुमारास कंपनीने महिन्याला २५० जीबीची मर्यादाही घातली, पण निदान ती आकड्यासह जाहीर केली. मिरजेच्या ऑपरेटरांनी म्हटले तसे गर्दीच्या वेळेपुरते नियंत्रण तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, याचा हा मोठ्या जाळ्यावरचा पुरावा आहे. वसुधाताईंच्या संध्याकाळच्या तासालाही त्याचाच उपयोग होईल.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काल पहाटे लॅनची वायर लावून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर तीन वेळा टेस्ट घेतली. आकडे १.९६, १.९७ आणि १.९६ आले. एक तारखेला याच वायरवर ९४ आला होता, त्याचे चित्र मोबाइलमध्ये आहे. म्हणजे लाइन नीट आहे.

एसएमएस मागे जाऊन पाहिले. चार महिन्यांत १०० टक्के वापर झाल्याचे चार संदेश आहेत, ५० किंवा ९० टक्क्यांचा एकही नाही. ई-मेलमध्येही नाही. करारात पुनर्विक्रीला बंदी आहे, स्वतःच्या कामासाठी वापरू नये असे कुठेही लिहिलेले नाही. काल दुपारी तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घेतला. संध्याकाळी उत्तर आले की, ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’, त्यामुळे आज चारही संदेशांची चित्रे जोडून अपील पाठवले. निर्णय आला की इथेच लिहीन.

वसुधाताई, व्यावसायिक प्लॅनची चौकशीही केली आहे. दर परवडला तर घेईन, कारण मुलीची परीक्षा जवळ आली आहे आणि तिचे तास बुडणे मला चालणार नाही. शनिवारी सिन्नरला लग्न आहे. तोवर वेग परत येणार नाही, म्हणून त्याची हार्ड डिस्क रविवारी रात्रीच्या एसटीने पार्सल करून पुण्याला पाठवणार आहे.