काच फुंकणे की फुगवणे? मुरानोच्या भट्टीतील कामासाठी मराठी शब्द

व्हेनिसच्या उत्तरेस खाजणात वसलेल्या मुरानो बेटावर आम्ही सहकुटुंब गेलो होतो. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील काचभट्ट्या या बेटावर हलवण्याचा आदेश दिला. दाट वस्तीच्या शहराला आगीचे भय होते, हे त्याचे कारण सांगितले जाते. तेथील एका कारखान्यात काम पाहताना माझी मुलगी प्रत्येक हत्याराचे आणि क्रियेचे मराठी नाव विचारत होती. त्यातून निघालेले शब्द येथे चर्चेसाठी मांडत आहे.

ज्या लांब पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर कारागीर मुशीतील वितळलेली काच घेतो, तिला तिकडे 'कान्ना' म्हणतात. आई ती पाहताच म्हणाली, "अगं, ही तर फुंकणी!" चुलीपुढच्या फुंकणीतून वारा विस्तवाकडे जातो आणि येथे तो काचेच्या पोटात शिरतो, हा फरक खरा, परंतु फुंकणीला तिचे नाव विस्तवावरून नव्हे, तर फुंकण्याच्या क्रियेवरून मिळालेले आहे. त्यामुळे 'फुंकनलिका' असा नवा संस्कृत शब्द घडवण्याची मला गरज वाटत नाही. मूस, भट्टी, चिमटा हे शब्द तर सोनार-लोहारांकडून आपल्याला तयारच मिळालेले आहेत.

खरा पेच क्रियापदाचा आहे. 'काच फुंकणे' म्हणावे की 'काच फुगवणे'? मुख्य कारागीर दोन आडव्या दांड्या असलेल्या बाकावर बसला होता आणि नळी त्या दांड्यांवर सतत फिरवत होता, कारण फिरवणे थांबले की मऊ काच स्वतःच्या वजनाने एका बाजूला लोंबू लागते. दुसऱ्या टोकाला वाकून बसलेल्या मदतनिसाने कारागिराच्या इशाऱ्यावर एक आखूड फुंकर घातली. नारिंगी गोळा किंचित फुगला. कारागिराने तो ओल्या लाकडी साच्यात फिरवून सारखा केला, पुन्हा भट्टीत तापवला आणि मग पुढची फुंकर मागितली. फुंकणारा एक, फुगणारी वस्तू दुसरी, आणि आकार देणारा तिसराच! मराठीत 'फुंकणे' हे माणसाच्या श्वासाचे काम आहे: शंख फुंकतात, चूल फुंकतात. 'फुगवणे' हा वस्तूवर होणारा परिणाम आहे. म्हणून 'मदतनीस फुंकतो, काच फुगते' असे लिहिणे मला अचूक वाटते. संपूर्ण कलेला मात्र 'काच फुगवण्याची कला' म्हटले, तर तिच्यातील श्वासावरचा ताबा शब्दातून निसटतो. तेथे 'काच फुंकण्याची कला' हेच योग्य.

अशा रीतीने घडलेल्या वस्तूसाठी 'फुंकीव काच' असे विशेषण मी सुचवते. कोरीव, घडीव, ओतीव, रेखीव या शब्दांमध्ये '-ईव' हा प्रत्यय धातूला लागून 'ती क्रिया करून घडवलेले' असा अर्थ देतो. साच्यात ओतलेली ती ओतीव काच, फुंकून घडवलेली ती फुंकीव काच. ऐकणाऱ्याला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोविएर या मुरानोच्या कारागिराच्या नावाशी जोडली गेलेली रंगहीन, पारदर्शक काच 'क्रिस्ताल्लो' म्हणून ओळखली जाते. तिचे भाषांतर अनेकदा 'स्फटिक' असे केले जाते आणि ते दिशाभूल करणारे आहे, कारण काचेची अंतर्गत रचना स्फटिकासारखी नियमित नसते. येथे आपला 'बिलोरी' हा शब्द चपखल बसतो. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी खाणीतला नितळ स्फटिकच आहे, आणि इटालियन नावही त्याच स्फटिकाशी असलेल्या साम्यावरून पडले आहे. 'बिलोरी आरसा' या रूपात शब्द आपल्याकडे रुळलेला असल्यामुळे 'बिलोरी काच' कोणालाही परकी वाटणार नाही.

घडवलेली वस्तू लगेच उघड्या हवेत ठेवली तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आत ताण राहतो आणि काच तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत कित्येक तास हळूहळू थंड करतात. पारिभाषिक 'अनुशीतन' चुकीचे नाही. पण दूध निववतो तशी काच 'निववणे' हे क्रियापद बोलण्यात अधिक सहज येते आणि 'निववण्याची भट्टी' असा शब्दप्रयोगही त्यातून सरळ होतो.

एका हत्याराला मात्र नाव सापडले नाही. पेल्याचे तोंड घडवताना त्याच्या बुडाला एक भरीव लोखंडी सळई चिकटवतात आणि मगच तो फुंकणीपासून सोडवतात. तिला मुरानोत 'पोंतेल्लो' म्हणतात. 'सळई' म्हणून भागते, पण तिचे काम त्यातून कळत नाही. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये सुरू झालेल्या पैसा फंड काच कारखान्यात किंवा कंदिलांसाठी नावाजलेल्या ओगलेवाडीच्या कारखान्यात कामगार हिला काय म्हणत असत? ज्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी तेथे किंवा अन्य काचभट्टीवर कामाला होती, त्यांनी हा शब्द, आणि फुंकणीसाठी त्यांच्याकडे वेगळे नाव असल्यास तेही, अवश्य कळवावे.