टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, पंख घासतो, तेव्हा नेमकं चुकतं कुठे?

नवशिका_१७२
सेस्ना १७२ वर ट्रेनिंग चालू आहे. एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेत) दोन्ही बाजूंना विमानं उभी असतात. पिवळी रेघ सोडली नाही तरी पंख लागू शकतो, असं सांगतात. अंतराचा अंदाज कसा घ्यायचा? आणि ब्रेक लागलेच नाहीत तर आधी काय करायचं?

टोबार
रेघेवर तुमचं नाकाचं चाक असतं, एवढंच. शेजारचं विमान कुणी तीन फूट पुढे लावून ठेवलं असेल तर रेघ तुम्हाला वाचवत नाही. १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट, म्हणजे रेघेच्या दोन्हीकडे १८. आपण बसतो डावीकडे, त्यामुळे उजवं टोक आणखी लांब पडतं आणि तिथलाच अंदाज फसतो. रेघ उजव्या मांडीखालून जाताना दिसली पाहिजे. ती स्वतःच्या सीटखाली घेतलीत की विमान जवळजवळ फूटभर उजवीकडे सरकलंच. सावलीवर अजिबात विसंबू नका. पंख डोक्याच्या वर असतो, सकाळी सावली भलतीकडे पडते.

जरा जरी शंका आली तरी थांबा, इंजिन बंद करा, टो बार (विमान ओढायचा दांडा) लावून हाताने ओढा. यात कमीपणा नाही.

लालतेल
ब्रेकबद्दल. इंजिन १२०० आरपीएमवर ठेवून ब्रेकने वेग धरायची सवय फार वाईट, डिस्क तापते आणि पकड जाते. सपाटीवर १००० च्या आसपास पुरतात. वेग वाढला की आधी थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा नॉब) मागे, मग ब्रेक. टाचा जमिनीवर ठेवा, नाहीतर रडर (शेपटीचं सुकाणू) देताना त्याच पेडलच्या वरच्या भागातला ब्रेक नकळत दाबला जातो.

वॉकअराउंडला (निघण्याआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी) कॅलिपरखाली (चाकाजवळचा, डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) लाल तेलाचा थेंब शोधा. पेडल स्पंजासारखं दबलं तर विमान हलवूच नका. निघाल्यावर पहिल्या काही फुटांतच ब्रेक तपासा.

ब्रेक गेलेच तर थ्रॉटल पूर्ण मागे, पेडल पंप करा, मोकळ्या बाजूला वळवा. जागा कमी असेल तर लगेच मिक्श्चर कटऑफ (इंजिनचं इंधन बंद), मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) बंद. फिरता प्रॉपेलर कशालाही लागला तर पातं बरं दिसलं तरी इंजिन उघडून तपासावं लागतं (इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ५३३).

नवशिका_१७२
पार्किंग ब्रेक लावून चेकलिस्ट वाचली तर चालेल ना?

टोबार
त्याच्या भरवशावर नको. रनअपला (उड्डाणाआधी इंजिनची चाचणी) १८०० आरपीएम असतात, मान खाली असते आणि विमान हळूच पुढे सरकतं. पाय ब्रेकवरच ठेवा. बाजूच्या खिडकीतून डांबरातली एखादी भेग हेरून ठेवा आणि दर ओळीनंतर तिकडे बघा. ती मागे सरकली की चेकलिस्ट सोडा, आधी थ्रॉटल.